पाच वाजून दहा मिनिटांचं दूध: जँगोमधल्या कस्टम मॅनेजरची चाचणी

मागच्या वेळी आपण जँगोमधली मॉडेल्स पाहिली. आज त्याच्या पुढची पायरी: आपण स्वतः लिहिलेला मॅनेजर बरोबर उत्तर देतो की नाही, हे तपासायचं कसं?

आज आपण रहिमतपुरात बसलो आहोत, तेव्हा उदाहरणही इथल्या ओळखीचंच घेऊ. गावातलं दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट लागते, नोंद होते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. १ ते १०, ११ ते २० आणि २१ पासून महिनाअखेर. बिलातून पशुखाद्याची किंवा उचलीची कपात होते. या बिलावर घरातला किराणा आणि मुलांची फी चालते. म्हणजे आपली क्वेरी चुकली, तर ती कुणाच्या तरी घरात चुकते. हे आधी लक्षात ठेवू.

आता मॅनेजर म्हणजे काय? डाटाबेसच्या टेबलाकडे जायचा दरवाजा. जँगो प्रत्येक मॉडेलला 'ऑब्जेक्ट्स' नावाचा एक मॅनेजर आपोआप देतो. पण 'या खात्याच्या या दहा दिवसांच्या नोंदी' हे जर दहा ठिकाणी लागत असेल, तर ते फिल्टर दहा ठिकाणी लिहायचं कशाला? आपण स्वतःचा क्वेरीसेट लिहितो, त्यात 'बिलाच्या_नोंदी' अशी मेथड ठेवतो आणि 'ॲज_मॅनेजर' वापरून तो मॉडेलला जोडतो. फायदा उघड आहे: नियम एकाच जागी राहतो. तोटाही तोच: नियम चुकला, तर सगळीकडे एकदम चुकतो. म्हणून चाचणी.

हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव, तेव्हा तालमीचं उदाहरण इथे चालेल. चाचणी सुरू झाली की जँगो एक वेगळा डाटाबेस उभा करतो, खऱ्या डाटाबेसला हात लावत नाही. 'टेस्टकेस' वर्गातली प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि संपली की सगळं मागे फिरवलं जातं. पुढच्या चाचणीला रंगमंच पुन्हा मोकळा. त्यामुळे तालमीत आपण बिनधास्त वाटेल त्या नोंदी घालू शकतो. प्रश्न एवढाच, की कोणत्या घालायच्या?

पहिली नोंद: ११ तारखेचं, पहाटे ५ वाजून १० मिनिटांचं दूध. ही नोंद १ ते १० च्या बिलात येता कामा नये. पण नवा प्रोजेक्ट तयार केला की जँगोच्या सेटिंग्जमध्ये टाइमझोन 'यूटीसी' असतो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपली ११ ची पहाट ५:१० ही यूटीसीमध्ये १० तारखेची रात्र ११:४०. सेटिंग बदलायची राहिली, तर तारखेचं फिल्टर हे दूध मागच्या बिलात टाकतं. सात वाजताच्या दुधावर चाचणी घेतली असती, तर ही चूक कधीच दिसली नसती.

गंमत पुढे आहे. ११ ची पहाट आत येते, तशी १ तारखेची पहाट बाहेर जाते. एक आलं, एक गेलं. दूध सारखंच असेल तर लिटरची बेरीज बरोबर दिसते! आणि ११ पासून दर वाढला असेल, तर त्या सकाळच्या दुधाला जुना दर लागतो. म्हणून चाचणीत नुसती बेरीज पाहायची नाही. *कोणत्या* नोंदी आल्या ते पाहायचं. आणि चाचणीतली वेळ 'एशिया/कोलकाता' असं स्पष्ट सांगून लिहायची.

दुसरी गोष्ट कपातीची. एक खातं घेऊ. दहा दिवस, दोन वेळा, प्रत्येक वेळी ५ लिटर. २० नोंदी, १०० लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी दर ३२ रुपये धरू: ३,२०० रुपये. कपाती दोन, प्रत्येकी ५००. हातात यायला हवेत २,२००.

आता एकाच क्वेरीत दुधाचीही बेरीज आणि कपातीचीही बेरीज मागितली, तर डाटाबेस दोन्ही टेबलं जोडतो. २० नोंदी गुणिले २ कपाती, ४० ओळी. दूध होतं २०० लिटर, म्हणजे ६,४०० रुपये. कपात होते २०,०००. शेतकरी केंद्राचं १३,६०० रुपये देणं लागतो! बरं, यावर कुणी घाईत 'डिस्टिंक्ट' लावलं तर? सारखे आकडे एकदाच मोजले जातात. दूध ५ लिटर, कपात ५००. औषध रोगापेक्षा वाईट. योग्य उपाय म्हणजे प्रत्येक बेरीज आपापल्या सबक्वेरीत करायची.

पण चाचणीत एकच नोंद आणि एकच कपात घातली असती तर? एक गुणिले एक, एक. चाचणी हिरवी. म्हणून दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन ओळी हव्यातच.

तिसरं खातं, ज्याची कपातच नाही. रिकाम्या ओळींची बेरीज शून्य येत नाही, 'नल' येते. ३,२०० वजा नल बरोबर नल. सगळं बिलच कोरं! इथे 'कोॲलेस' वापरून नलच्या जागी शून्य घ्यायचं, आणि हे खातंही चाचणीत कायम ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अपेक्षित उत्तर आणायचं कुठून? पुष्कळदा आपण काय करतो, कोड चालवतो, जे उत्तर येतं तेच चाचणीत लिहून ठेवतो. मग चाचणी एवढंच सांगते, की कोड कालच्यासारखाच आहे. कालही चुकीचाच असेल तर? २,२०० हा आकडा आपण कागदावर काढला, शेतकरी आपल्या दूध-पुस्तकात जसा काढतो तसा. चाचणीतला आकडा तिथूनच यायला हवा.

घरी करून पाहायला एक काम: २१ ते महिनाअखेरच्या बिलासाठी फेब्रुवारी आणि ३१ दिवसांचा महिना, दोन्हींची चाचणी लिहा. मेथडला तारीख बाहेरून द्या. आत 'आज' विचारू नका, नाहीतर चाचणी आज पास होईल आणि १ तारखेला पडेल. पुढच्या वेळी तुमच्या चाचण्यांपासूनच सुरुवात करू.