कोंबाचं चित्र कुणासाठी?

गर्भपातानंतर बाईला धीर देणारं पत्रक काढायचं ठरलं, की शहरातला डिझायनर हमखास मातीतून डोकावणारा कोंब काढतो. नवी सुरुवात, आशा वगैरे. तेच पत्रक घाटंजी किंवा केळापूरच्या दवाखान्यात गेलं तर? यवतमाळच्या कापूसपट्ट्यात पेरलेलं करपलं की दुबार पेरणी आली. पुन्हा बियाणं, पुन्हा उधारी. शिवाय जिला आता मूल नकोच आहे, तिला तो कोंब ‘पुढच्या वेळी होईल’ असंच सुनावतो.

रूपक नुसतं शोभेला नसतं. रोझ हेन्ड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींनी कर्करोगाची हकिगत ‘लढाई’ म्हणून वाचली, काहींनी ‘प्रवास’ म्हणून. बरं वाटलं नाही तर रुग्ण स्वतःलाच दोष देईल, असं लढाईवाल्यांना जास्त वाटलं. आजार मात्र तोच होता.

आपल्याकडे लिंगनिदानाविरुद्धच्या पोस्टरांवर पोटातून बोलणारी चिमुकली आणि ‘भ्रूणहत्या’ हा शब्द सर्रास आला. हेतू चांगलाच होता. पण 1971 च्या गर्भपात कायद्यानुसार गर्भपात करून घ्यायला आलेली बाईही त्याच भिंतीखाली बसून नंबराची वाट पाहते. असे शब्द टाळा, असं अखेर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2015 च्या मार्गदर्शिकेला सांगावं लागलं.

दिलासा देणारं प्रतीकही उलटू शकतं. जपानमध्ये न जन्मलेल्या बाळांसाठी देवळात जिझो या मुलांच्या रक्षक देवतेच्या दगडी मूर्तींना लाल लाळेरी बांधतात. कित्येकींना त्यानं मोकळं वाटतं. काही देवळांनी मात्र शापाची भीती घालून धंदाही मांडला.

मुळात प्रत्येकीला दुःखच होतं, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या ‘टर्नअवे’ अभ्यासात गर्भपाताला पाच वर्षं झाल्यावरही सर्वाधिक जणींनी सांगितलेली भावना सुटकेची होती, आणि 95 टक्क्यांहून अधिक जणींना निर्णय योग्यच वाटत होता. लोक काय म्हणतील याचा धाक जिथे जास्त, तिथे त्रासही जास्त. म्हणून एकच चित्र सगळ्यांच्या माथी मारू नये. कोलामी, गोरमाटी, वऱ्हाडी बोलणाऱ्या बायांसमोर चार चित्रं ठेवावीत, हवं ते त्यांनी उचलावं. एकही न उचलण्याची मुभा हवीच.

घरी न्यायच्या कार्डावर मात्र चित्र नको, ‘गर्भपात’ हा शब्दही नको. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं एक वर्षापर्यंत कैद ठेवली आहे. पिशवीतलं कार्ड उलटंपालटं करून पाहणाऱ्या सासूला हा कायदा लागू नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तेवढा छापावा.