आजीची पाककृतींची वही रद्दीत टाकताय? आधी हे वाचा

रावेत : जुने घर सोडून नव्या फ्लॅटमध्ये जाताना माळ्यावरचे सामान खाली येते. पितळी डबे मोडीत, कागद रद्दीत. त्यात तेलाचे डाग पडलेले पाककृतींचे पुस्तक किंवा हाताने लिहिलेली वही निघाली, तर जरा थांबा. तेव्हाचे घर कसे चालायचे, हे त्यात सापडते.

मराठीत अशी पुस्तके जुनी आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले. हे सूप हॉटेलातले नव्हे बरं का. सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाकाचे शास्त्र. पुढे सारस्वत महिला समाजाने १९४३ मध्ये ‘रसचंद्रिका’ काढले. त्यात पदार्थांसोबत घरगुती औषधे आणि सणवारही आहेत. म्हणजे चूल सांभाळणाऱ्या बाईकडेच घरातले दुखणे-खुपणेही असायचे. ते वर्षही साधे नव्हते. महायुद्ध चालू होते आणि मुंबईत रेशनिंग त्याच वर्षी सुरू झाले.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तिची खासियत म्हणजे वाटी-चमच्याचे माप. त्याआधी सुनेला सासू सांगायची, ‘अंदाजाने घाल.’ पण नोकरीसाठी नवरा-बायको शहरात वेगळे राहू लागले, तेव्हा अंदाज सांगणार कोण? आपल्याच भागात बघा, पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज. गावाकडून आलेल्या कितीतरी नवविवाहितांचा संसार एका खोलीत, स्टोव्हवर सुरू झाला.

जुनी वही वाचताना मापे बघा. शेर, पावशेर, तोळा असेल तर मजकूर बहुधा मेट्रिक मापे रुळण्याआधीचा. ती १९५६ च्या कायद्यानंतर आली. ‘मंद निखाऱ्यावर’ लिहिले असेल तर चूल किंवा शेगडी. शिट्ट्या मोजल्या असतील तर घरात कुकर आला होता.

पण या पुस्तकांत सगळे गाव नाही. ज्यांना लिहिता येत होते आणि छापायला पैसे होते, त्यांचेच ताट त्यात आले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचे जेवण मांडले. वाळवलेल्या मांसाच्या चाण्या त्यात आहेत, आणि त्या खाव्या का लागायच्या हेही. १९७२ च्या दुष्काळातली मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेली माणसे आजही गावोगाव आहेत. त्या भाकरीची कृती बहुतेक घरांत कुणी लिहून ठेवलेली नाही.

पवनाकाठच्या जुन्या घरांत आणि चाकणला कामाला आलेल्या परजिल्ह्यातल्या कुटुंबांत असे सांगणारे अजून भेटतील. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा : पीठ कुठून यायचे, सरपण कोण आणायचे, आधी कोण जेवायचे, शेवटी काय उरायचे. वहीच्या पानांचे फोटो काढाल तेव्हा समासातला हिशोब, उधारीचे आकडे कापू नका.