आराखड्यामागील कारणमीमांसा

जुन्नर-आंबेगावातून पुण्याच्या संगणक-व्यवसायात गेलेल्या आणि काही वर्षांच्या नोकरीनंतर वरच्या जागेसाठी उमेदवारी करणाऱ्या तरुणांपुढे जी सिस्टिम डिझाइनची मुलाखत उभी राहते, तिच्यात एकच एक बरोबर उत्तर नसते. मोठ्या प्रणालीचा आराखडा तासाभरात मांडून त्यातील प्रत्येक निवडीचे कारण सांगावयाचे असते. म्हणूनच नामांकित कंपन्यांचे आराखडे मुखोद्गत करून आलेला उमेदवार, परीक्षकाने एखादी अट बदलताच निरुत्तर होतो.

समजा, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पोहोचविण्याची व्यवस्था रचावयाची आहे. चौकोन आणि बाण काढण्यापूर्वी, भाव कोण नोंदविणार, तो किती जुना चालेल, नेटवर्क तुटल्यास काय दिसावे, हे विचारून घ्यावे. मग हिशेब मांडावा. एक लाख शेतकऱ्यांनी दिवसातून दहा वेळा भाव पाहिला, तर दहा लाख विनंत्या होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे सरासरी सेकंदाला बाराच. परंतु निम्म्या विनंत्या लिलावाच्या एका तासात आल्या, तर हाच आकडा १४०च्या घरात जातो. नोंदी थोड्या, वाचन अफाट; तेव्हा ताजा भाव कॅशमध्ये, म्हणजे झटपट वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवून डेटाबेसवरील भार हलका करण्याची तजवीज आपोआप सुचते, आणि तिच्यापायी भाव क्षणभर शिळा दिसू शकेल, हेही प्रामाणिकपणे सांगता येते.

अशा तारतम्याचा भव्य दाखला खोडदला उभा आहे. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी एकच अवाढव्य तबकडी न उभारता ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या योजिल्या. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात. पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी घेतली, कारण मीटरभर लांबीच्या लहरींना ती पुरते आणि वारा तिच्यातून निघून जात असल्याने सांगाडा हलका व स्वस्त होतो. मात्र अतिलघू लहरींवर पाणी सोडावे लागले, आणि ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे संकेत प्रकाशतंतूंनी केंद्रात आणून पडताळण्याचे काम पदरी आले.

उमेदवाराने अभ्यासावी ती ही देवघेव. डिंभे, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे व येडगाव या कुकडी प्रकल्पाच्या धरणांतील साठा क्षणोक्षणी दाखविणारी प्रणाली कागदावर मांडावी, जाणत्या मित्राला ती मोठ्याने समजावून सांगावी, आणि भार दसपट झाला, एक यंत्र बंद पडले, खर्च निम्म्यावर आणावा लागला, तर काय, असे त्याला विचारावयास लावावे. आपल्या प्रत्येक निवडीची किंमत ज्याला ठाऊक आहे, त्याला अट बदलली म्हणून आराखडा टाकून द्यावा लागत नाही. त्यात नेमके काय फिरवावयाचे, हे त्याला कळते.