टाकीचे आयुष्य कसे वर्तवावे?

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील रंगाई-छपाईच्या मिलमध्ये ज्या व्यापारी बांधवांचे कापड पडते, त्यांस ‘वेट रिडक्शन’ नवे नाही. पॉलिएस्टरचे कापड गरम कॉस्टिकच्या द्रावणातून काढले म्हणजे कॉस्टिक धाग्याचा पृष्ठभाग खाते. कापड वजनात उतरते आणि हाताला रेशमासारखे लागते. या वजनघटीचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो. परंतु तेच कॉस्टिक साठविण्याची टाकी फायबर ग्लासची असली, तर तिच्या अंगीही बहुधा पॉलिएस्टर जातीचीच राळ असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

काचेचे तंतू आणि त्यांना बांधून धरणारी राळ मिळून हा संमिश्र पदार्थ होतो. तो लोखंडासारखा गंजत नाही, म्हणून विक्रेता हमीपत्रावर पन्नास वर्षे लिहून मोकळा होतो. पन्नास वर्षे वाट पाहिली कोणी? या पदार्थाच्या पाइपांच्या रूढ चाचणीत अनेक नमुने निरनिराळ्या दाबाखाली ठेवतात आणि कोणता केव्हा फुटतो ते १०,००० तासांपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा महिने, टिपतात. लॉगरिदमच्या कागदावर त्या बिंदूंतून सरळ रेषा काढून ती ४,३८,००० तासांपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांपर्यंत लांबवितात. उष्णता वाढवून झीज लवकर घडविण्याचीही रीत आहे. तिचे गणित स्वीडनचे रसायनज्ञ आऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडलेल्या समीकरणावर चालते. मात्र राळ मऊ पडण्याइतकी उष्णता दिली की झिजण्याची तऱ्हाच पालटते आणि रेषा खोटी ठरते.

स्याद्वाद मानणाऱ्या आपल्या समाजास हे उमजावयास अवघड नाही. ‘पन्नास वर्षे टिकेल’ हे विधान अमुक द्रवात, अमुक तापमानास, अमुक भाराखाली एवढ्यापुरतेच खरे. पाण्यातील चाचणीवरून गरम कॉस्टिकचे अनुमान निघत नाही. ते राळेतील एस्टरबंध तोडते आणि आत शिरले की काचेलाही खाते. म्हणून आतून व्हिनाइल एस्टर राळेचा जाड थर, त्यात काचेऐवजी कृत्रिम धाग्याची पातळ जाळी, असे मागावे. त्याच पदार्थाच्या पट्ट्या आपल्याच टाकीत सोडून ठराविक महिन्यांनी बाहेर काढाव्या, तोलाव्या, वाकवून पाहाव्या. हा खर्च किरकोळ आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मिल थंड असते, तेव्हा टाकी रिकामी करून आतील पृष्ठभाग तपासण्यास सवड मिळते. एरवी तिच्याजवळून खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची दिवसरात्र ये-जा चालू असते.