लाल पेन कुठे थांबतं?
दुसरीतलं मूल ‘फूलाला पानि घातलं’ असं लिहितं. दुरुस्त्या तीन, पण तिन्हींची जात वेगळी. ‘पानि’तला न घरच्या बोलीतून आलेला, त्याला चूक म्हणणं जिवावर येतं. मराठी शब्दाची शेवटची वेलांटी दीर्घ, हा नियम सोपा (‘आणि’चा अपवाद नंतर). ‘फूलाला’ मात्र चक्क विचार करून लिहिलेलं: फूल दीर्घ, मग फूलालाही दीर्घच! प्रत्यय लागला की तो ऊ ऱ्हस्व होतो, हे पुढच्या इयत्तांचं काम. जाणत्या बाई त्या दिवशी फक्त वेलांटी घेतात. फळ्यावर ‘पाटी, काठी, माती’ लिहून चूक मुलालाच शोधायला लावतात. सगळीकडे लाल गोल केले, तर मूल पुढच्या वेळी येतात तेवढेच शब्द लिहितं. निबंध दोन ओळींत आटोपतो, अगदी बिनचूक.