अडकलेला डिझेल फिल्टर : जोर कमी, युक्ती जास्त

कुर्ला, साकीनाका, घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात गॅरेज चालवणारे आणि टेम्पोवर संसार चालवणारे आपले अनेक बांधव आहेत. गाडी एक दिवस उभी राहिली की भाडे बुडते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. म्हणूनच डिझेल फिल्टर बदलण्याचे साधे काम अडून बसले, तर नुकसान फिल्टरच्या किमतीवर थांबत नाही. आट्यांवर फिरवून बसवायचा, डब्यासारखा फिल्टर अडकला तर काय करावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

अडकतो कशामुळे?

बहुतेक वेळा दोष मागच्या वेळी फिल्टर बसवणाऱ्या हाताचा असतो. रबरी सील कोरडे ठेवून पान्याने आवळले की ते इंजिनाच्या उष्णतेने बैठकीला चिकटते. त्यात मुंबईची दमट हवा पत्र्याला गंज चढवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, तेव्हा कुर्ला-कालिना भागात असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. तसे संकट रोज येत नसले, तरी साचलेल्या पाण्यातून गाडी काढण्याची वेळ दर पावसाळ्यात येते. अशा गाडीचा फिल्टर मुदतीची वाट न पाहता तपासावा.

सोडवण्याची रीत

नवा फिल्टर जुन्याशी ताडून आधीच आणून ठेवा. इंजिन थंड होऊ द्या. वेल्डिंग, ग्राइंडर, विडी-सिगारेट दूर ठेवा. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असतो, म्हणजे तेवढ्या उष्णतेला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये एवढी उष्णता सहज होते.

खाली पसरट भांडे ठेवा, सेन्सरची वायर असल्यास काढा आणि तळाच्या बोल्टातून पाणी व डिझेल सोडा. वरची माती पुसून घ्या, नाहीतर तीच आत जाते. बैठकीच्या सांध्यावर गंज सोडवणारे तेल टाकून काही वेळ थांबा. मग डब्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळून पट्ट्याच्या पान्याने, शक्य तितके बैठकीजवळ धरून, झटका न देता जोर लावा. दिशा नीट पाहा. खालून पाहताना फिल्टर घड्याळाच्या उलट फिरतो; वरून वाकून काम करताना हीच दिशा उलटी दिसते आणि घाईत तो आणखी आवळला जातो.

पट्टा घसरला तर साखळीचा पाना वापरा. डब्यात पेचकस आरपार ठोकणे हा शेवटचा उपाय आहे. पत्रा फाटला की धरायला जागा उरत नाही आणि भोक पडल्यावर गाडी हलवता येत नाही. छिन्नी मारावीच लागली तर फक्त फिल्टरच्या कडेवर, सुटण्याच्या दिशेने, हलक्या हाताने मारा. बैठक बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यावर घाव पडला की सील नीट बसत नाही, डिझेल गळते किंवा हवा शिरते आणि पूर्ण बैठक बदलावी लागते. अशी इजा झालीच, तर गिऱ्हाइकाला लगेच सांगावे. लपवलेली गळती वाटेत गाडी बंद पाडते आणि गॅरेजचे नावही घालवते.

नवा बसवताना

जुने सील बैठकीला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहा. एकावर एक दोन सील बसली की गळती ठरलेलीच. नव्या सीलला स्वच्छ तेलाचा हात लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे, साधारण पाऊण फेरा, हातानेच आवळा. नंतर हँडपंपाने हवा काढा. नव्या कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरच्या नळ्यांतील दाब १,००० बारच्या वर जातो. हवा काढण्यासाठी त्या नळ्या सैल करण्याची जुनी सवय येथे जिवावर बेतू शकते, कारण बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

इंजिन चालू करून सांधा कोरडा आहे याची खात्री करा. काढलेले डिझेल गटारात न ओतता डब्यात साठवा. शेवटी नव्या फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. हाताने आवळलेला आणि वेळेवर बदललेला फिल्टर पुढच्या खेपेला सहसा अडून बसत नाही.