प्रेमात पडताना मेंदूत काय घडते?

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी हा तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला तालुका. कापसाचा आणि कोलाम बांधवांच्या पोडांचा. पण वर्तमानपत्रांत त्याचे नाव वर्षानुवर्षे आले ते कुमारी मातांच्या प्रश्नामुळे. कामाधंद्यासाठी बाहेरून आलेल्या पुरुषाने लग्नाचे वचन दिले, मुलीने विश्वास ठेवला. तो निघून गेला आणि मूल तिच्या पदरात राहिले. अशा बातम्या वाचून आपण पटकन म्हणतो, "मुलीला कळायला नको होते का?" आम्ही शिक्षक मंडळीही असे बोलून जातो. गरिबी आणि फसवणारे पुरुष ही मूळ कारणे तर आहेतच. पण "कळायला नको होते का" या प्रश्नाचे उत्तर मेंदूच्या शास्त्रातही आहे.

2005 मध्ये अमेरिकेत हेलन फिशर, आर्थर अ‍ॅरन आणि ल्युसी ब्राऊन यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या 17 जणांना त्यांच्या प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन काढले. मेंदूत खोलवर जिथे डोपामिन हे रसायन तयार होते, तो भाग उत्तेजित झालेला दिसला. डोपामिन म्हणजे ओढ. भूक, तहान आणि व्यसन यांतही हीच यंत्रणा काम करते. जोडीला नॉरअ‍ॅड्रेनलिन असते, म्हणून छातीत धडधड होते, झोप उडते, जेवण जात नाही.

त्याआधी 2000 मध्ये लंडनमध्ये बार्टेल्स आणि झेकी यांनी अशाच पाहणीत आणखी एक गोष्ट टिपली. प्रिय व्यक्तीचा चेहरा पाहताना भीतीशी आणि माणसांची पारख करण्याशी संबंधित काही भागांचे काम मंदावते. प्रेम आंधळे असते असे आपले वाडवडील म्हणत, ते उगाच नव्हे! त्यात किशोरवयीन मुलांच्या मेंदूचा पुढचा भाग, जो परिणामांचा विचार करतो, तो पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. म्हणजे वेग पूर्ण, ब्रेक अर्धवट.

ही अवस्था कायमची नसते. इटलीत पिसा येथे डोनाटेला मराझिती यांनी 1999 मध्ये नव्या प्रेमिकांच्या रक्ताची तपासणी केली. सेरोटोनिनशी संबंधित एक घटक त्यांच्यात कमी आढळला, अगदी एकाच विचाराने पछाडलेल्या रुग्णांसारखा. त्यांतील काहींना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासले, तेव्हा तो पूर्ववत झाला होता. पुढे सहवासातून आणि आपुलकीच्या स्पर्शातून ऑक्सिटोसिन वाढते आणि नाते स्थिरावते. बाळाला दूध पाजताना आईच्या शरीरात स्रवते तेच हे संप्रेरक.

कुरआनच्या सूरह रूममध्ये (30:21) पती-पत्नीच्या नात्यासाठी मवद्दत आणि रहमत, म्हणजे प्रेम आणि दया, हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. ओढ अल्लाहनेच माणसात ठेवली आहे. ती वाटणे हा गुन्हा नाही. पण ओढीच्या भरात दिलेले वचन एकांतात राहू नये, म्हणून निकाहला मुलीची संमती, साक्षीदार आणि तिच्या हक्काचा मेहर आहे. चारचौघांत दिलेला शब्द मोडणे कठीण असते. झरी जामणीच्या त्या मुलींना मिळाला तो एकांतातला शब्द.

मग आपण काय करावे? मुलगी किंवा मुलगा कुणाबद्दल बोलू लागला, तर मारझोड आणि शाळा बंद हा उपाय नव्हे. त्याने बोलणे बंद होते, ओढ नाही. "आवडतो तर आवडू दे, पण निर्णयाला वेळ दे, तो घरी येऊन बोलायला तयार आहे का ते पाहा," एवढे आईने शांतपणे म्हटले तरी मुलीला विचार करायला सवड मिळते. जो लपूनच भेटतो आणि घाई करतो, त्याच्यापासून सावध राहायला तिला शिकवावे. मुलांनाही सांगावे की 18 वर्षांखालील मुलीची संमती 2012 च्या पॉक्सो कायद्यात संमती मानली जात नाही. अडचणीत 1098 हा चाइल्डलाइन क्रमांक आहे.

आणि एखादी मुलगी फसलीच, तर तिच्यासाठी घराचे दार उघडे ठेवावे. पारख मंदावणे हा मेंदूचा स्वभाव आहे. फसवणे हा मात्र माणसाने केलेला निर्णय आहे. जाब त्यालाच विचारला पाहिजे.